भाकरी देणाऱ्याने उपदेश करू नये

महाराष्ट्रात ख्रिस्ती म्हणून वाढलेल्या माणसाला दोन वाक्यं जन्मभर ऐकावी लागतात. पहिलं कौतुकाचं: ‘तुमच्या लोकांची सेवा मात्र मानली पाहिजे.’ दुसरं त्याच्या पाठोपाठ, बहुधा आवाज जरा खाली आणून: ‘पण त्यामागं धर्मांतराचा हेतू नसता तर बरं झालं असतं.’ बोलणारा वाईट नसतो. त्याच्या आईचं ऑपरेशन कधीकाळी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालेलं असतं, मुलगी कॉन्व्हेंटात शिकत असते. तो मनापासून बोलतो आणि मनापासूनच संशय घेतो. रविवारी उपासनेला गेलं की आम्हाला याच्या बरोबर उलट ऐकवलं जातं. शेजाऱ्याला सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगितली नाही तर तुमची भक्ती कोरडी, तुमचं शिक्षण वाया, तुमचा दवाखाना म्हणजे नुसता दवाखाना.

या दोहोंच्या मध्ये जगायचं कसं, हा प्रश्न आमच्यापैकी बहुतेकांनी उघडपणे सोडवलेलाच नाही. ऑफिसात गप्प राहायचं आणि चर्चमध्ये आवेशानं ‘हालेलुया’ म्हणायचं, अशी एक सोय आम्ही करून घेतली आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांची संख्या १० लाख ८० हजारांच्या आसपास होती, म्हणजे शेकडा एकाहूनही थोडी कमी. याचा अर्थ, आमचं सगळं आयुष्य चर्चबाहेरच्या माणसांतच जातं. वाणी, शिक्षक, तलाठी, डॉक्टर, शेजारीण, साहेब, सगळे बाहेरचे. रविवारचे दोन तास सोडले तर ख्रिस्ती श्रद्धा जगायला आम्हाला दुसरी जागाच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सेवेच्या बदल्यात कुणाकडून श्रद्धा मागू नये, आणि सेवा करणाऱ्याला त्याची श्रद्धा लपवायलाही सांगू नये. रेष हेतूवर ओढता येत नाही, कारण हेतू कुणाला दिसतो? ती ओढायची सत्तेवर. ज्याची भाकरी, औषध, परीक्षेचे गुण किंवा डोक्यावरचं छप्पर माझ्या हातात आहे, त्याच्यापुढे मी धर्माबद्दल गप्प राहावं. त्यानं विचारलं तर उत्तर द्यावं, आणि तेही विचारलं तेवढ्यापुरतं. पण जो माझ्या बरोबरीनं उभा आहे, ‘तुझं मला पटत नाही’ म्हणून जो चालता होऊ शकतो, त्याच्याशी मी मोकळेपणानं बोलेन, वाद घालेन, आणि त्यानंही माझ्याशी घालावा.

ही रेष मी घरी बसून काढलेली नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू एकदा म्हणतो, तुमचा प्रकाश लोकांपुढे असा पडू द्या की त्यांनी तुमची सत्कर्मं पाहावीत. आणि मत्तयाच्या पुढच्याच अध्यायात म्हणतो, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका. आमचे उपदेशक यातलं एक वचन एका रविवारी घेतात आणि दुसरं दुसऱ्या. दोन्ही एकत्र वाचली तर एवढं नक्की कळतं की दिलेलं दान दाखवण्याची वस्तू नाही. लूकच्या शुभवर्तमानातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. दहा बरे झाले, आभार मानायला परत आला एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीनं बाहेरचा. येशूनं ‘बाकीचे नऊ कुठे आहेत’ असं विचारलं खरं. पण त्या नऊ जणांचा रोग त्यानं परत आणला नाही. वाटेल ती प्रार्थनासभा घ्या, या नऊ जणांवर बोललेलं मी क्वचितच ऐकलं आहे.

त्या नऊ जणांत बसवता येईल असा एक माणूस महाराष्ट्राला चांगला माहीत आहे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या फरारबाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची काढली. मिशनऱ्यांशी त्यांची मैत्री होती, ख्रिस्ती विचारांचं ऋण त्यांनी लपवलं नाही, पण बाप्तिस्मा घेतला नाही. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला, चर्च नाही. मिशनच्या वार्षिक अहवालात बाप्तिस्म्यांचा आकडा द्यावा लागे, आणि त्या रकान्यात फुले कुठेच बसत नाहीत. तरी मिशनच्या शाळांनी महाराष्ट्राला दिलेल्या सगळ्यात मोठ्या गोष्टींपैकी एक हीच, की एका माळ्याच्या मुलाला शिकवलं आणि त्यानं पुढे काय व्हायचं ते त्याचं त्याला ठरवू दिलं. चर्चला हे यश वाटत नसेल, तर चर्चचा हिशोब चुकतो आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला पंडिता रमाबाई आहेत, आणि त्यांच्याबद्दल बोलताना आम्ही ख्रिस्ती फार भाबडे होतो. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. पैसा अमेरिकेतून यायचा आणि करार असा होता की सदनात धर्मशिक्षण दिलं जाणार नाही. रमाबाईंनी धडे दिले नाहीत. पण आपल्या खोलीत प्रार्थना करताना त्या दार बंद करत नसत, आणि मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली रानडे-भांडारकरांसह सल्लागार मंडळानं राजीनामा दिला, केसरीनं झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्या चर्चमध्ये ही गोष्ट कर्मठ पुण्यानं केलेला छळ म्हणून सांगतात. पुण्यात ती विश्वासघात म्हणून सांगतात.

मला दोन्ही सांगणी अर्धवट वाटतात. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या देवाची प्रार्थना दार उघडं ठेवून करण्याचा रमाबाईंचा हक्क मी शेवटपर्यंत मांडेन. ज्या बाईनं इंग्लंडात आपल्याला बाप्तिस्मा देणाऱ्या चर्चच्या अधिकाऱ्यांशीही पत्रांतून भांडण केलं, लॅटिन शब्द कोरलेला क्रूस गळ्यात घालायला नकार दिला, मांसाहार केला नाही, तिला आपल्या घरात लपून प्रार्थना कर म्हणणं हास्यास्पद होतं. पण त्या दाराबाहेर ज्या मुली होत्या त्या बालविधवा होत्या. त्यांना परत जायला घर नव्हतं, किंवा होतं ते नसल्यासारखंच. ज्या बाईनं त्यांना केस वाढवू दिले, पाटी दिली, पोटभर जेवू दिलं, तिच्या देवाकडे त्या ओढल्या जाणार नाहीत तर काय? ती ओढ खोटी होती असं मी म्हणत नाही. ती स्वतंत्र होती की नाही, हे त्या मुलींनाही सांगता आलं नसतं. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आपल्या केडगावच्या आश्रमात आणल्या. त्या मुली मेल्या असत्या. त्यांना जगवणं हे महाराष्ट्राच्या इतिहासातल्या मोठ्या कामांपैकी एक आहे. आणि त्यातल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीनं घेतलेल्या बाप्तिस्म्याला ‘निवड’ म्हणायला माझी जीभ धजत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि रमाबाईंवर प्रेम करणाऱ्यानं दोन्ही म्हणायला शिकलं पाहिजे.

कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण मला अधिक शिकवतं, कारण त्यांच्यासमोर चर्चबाहेरचं सगळ्यात जवळचं माणूस घरातच होतं. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षं म्हणजे ताटातूट, नातेवाइकांचा संताप, आणि नंतर नगरला एका छपराखाली दोन धर्म. त्या काळात लक्ष्मीबाई आपलं सोवळंओवळं पाळून, वेगळं शिजवून राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचणाऱ्याला हे माहीत आहे. नवरा हा त्या काळी बायकोवरची सगळ्यात मोठी सत्ता. टिळकांचा स्वभाव तापट, हट्टी, घरातल्या वस्तू वाटून टाकणारा, आणि तरी या एका बाबतीत त्यांनी ती सत्ता वापरली नाही. जातपात माणसानं केलेली आहे असा निर्णय लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या डोक्यानं, स्वतःच्या वेळेला केला. म्हणून त्या पुढे इतक्या मोकळ्या, इतक्या विनोदी, कुणाच्याही ओझ्याखाली न वाकलेल्या ख्रिस्ती झाल्या.

१९१७ साली टिळकांनी आणखी एक गोष्ट केली आणि तिच्याबद्दल आमच्या मंडळ्यांत, म्हणजे एकेका चर्चच्या समुदायांत, आजही अवघडून बोललं जातं. त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकणार होते. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणाऱ्या माणसाला तो सेतू मोडून टाकायचा नव्हता. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फारसा उभा राहिला नाही. पण पगार सोडणं ही त्यातली खरी गोष्ट होती. पगारी उपदेशक समोर बसलेल्या माणसाकडे पाहतो तेव्हा त्याला अहवालातला रकाना दिसतो, आणि समोरच्याला ते कळतं. बिनपगारी कीर्तनकार उभा राहिला की ऐकणारा उठून जायला मोकळा असतो. टिळकांच्या कीर्तनांना आणि अभंगांना ख्रिस्ती नसलेले श्रोते मिळाले ते यामुळे.

मिशन कंपाउंड नावाची जी वस्ती नगर, सोलापूर, मिरज, जालना अशा ठिकाणी उभी राहिली, तिनं नेमकं याच्या उलट केलं. बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबाला गाव बाहेर टाकी, आणि मिशन त्याला आत घेई. घर मिशनचं, नोकरी मिशनची, शाळा मिशनची, सोयरीकही तिथल्या तिथं. गावानं टाकलेल्याला आसरा हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन पिढ्यांत आम्ही गावाशी बोलायची सवय गमावली. श्रद्धा जगायची जागा भिंतीच्या आत आली आणि बाहेरच्यांसाठी उरला तो दवाखान्याच्या ओसरीवरचा उपदेशक. केसपेपरची वाट बघणाऱ्या, अंगात ताप असलेल्या माणसाला पत्रिका वाटणारा. तो भला माणूस असे. पण माझ्या रेषेच्या तो चुकीच्या बाजूला उभा होता. डॉक्टरच्या दाराशी बसलेला रोगी ‘मला ऐकायचं नाही’ म्हणू शकत नाही.

कंपाउंडबाहेर पडलेलं ख्रिस्ती काम कसं दिसतं, ते बघायला मी लोकांना जामखेडचं नाव सांगतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघे वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर, नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलेले. त्यांच्या लक्षात आलं की हॉस्पिटलात आलेला रोगी बरा होऊन जातो आणि त्याच आजारानं पुन्हा येतो, कारण आजार गावात आहे. पाण्यात, भुकेत, बाईच्या दुय्यमपणात, जातीत. १९७० साली त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. गावानं निवडलेल्या बायका, बऱ्याचशा निरक्षर, कितीतरी दलित, त्यांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. दलित बाई सवर्णाच्या घरात जाऊन बाळंतपण करू लागली. बोअर घ्यायच्या वेळी त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या, म्हणजे गावाला पाण्यासाठी तिकडे यावं लागलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले.

आरोळे पती-पत्नींनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही. हे काम आपण येशूमुळे करतो, असं ते विचारणाऱ्याला सरळ सांगत. पण गर्भवतीच्या तपासणीला बायबलचं वचन जोडलेलं नव्हतं. चर्चमधले काही लोक यावर म्हणतात, ‘मग किती आत्मे जिंकले?’ याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण प्रश्नच मला मान्य नाही. अस्पृश्य मानलेल्या बाईच्या हातानं सवर्णाचं मूल जन्माला यावं, हे ख्रिस्ती श्रद्धेचं काम नव्हे तर कशाचं?

इथं एक गोष्ट बाजूला जाऊन बोलतो. शहरांतल्या ख्रिस्ती शाळा ही आता सेवा उरलेली नाही, असं माझं मत आहे. तिथं फी भरून मध्यमवर्गाची मुलं शिकतात, चांगली शिकतात, आणि त्यांच्यापैकी कुणाचाच धर्म बदलत नाही. प्रवेशासाठी पहाटे रांगेत उभा राहणारा बापच दुपारी धर्मांतराचे इशारे देणारे मेसेज पुढे ढकलतो, याची गंमत वाटते. पण त्या शाळांच्या जिल्ह्यातलं भूमिहीन ख्रिस्ती कुटुंबातलं पोर मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत असतं. तेव्हा ‘आम्ही शिक्षणाची सेवा करतो’ हे वाक्य आम्ही जरा कमी वेळा म्हटलेलं बरं.

आणि दुसरी, जास्त गंभीर. गेल्या काही दशकांत चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेनं रोग बरे करण्याच्या सभा, वाढल्या. त्यात येणारा माणूस बहुधा डॉक्टरांनी हात टेकलेला, कर्जात बुडालेला, दारूड्या नवऱ्याची बायको. प्रार्थनेनं बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. मीही आजारपणात प्रार्थना करतो. पण ‘विश्वास कमी पडला म्हणून तू बरा झाला नाहीस’ हे वाक्य ज्या व्यासपीठावरून बोललं जातं, ते व्यासपीठ येशूचं नाही. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याला तर पोलिसांत द्यावं. महाराष्ट्रानं २०१३ साली केलेला जादूटोणाविरोधी कायदा कुठल्या एका धर्मापुरता नाही, आणि त्याचं स्वागत सगळ्यात आधी चर्चनं करायला हवं होतं. व्याकूळ माणसाची व्याकुळता हीसुद्धा समोरच्याच्या हातातली सत्ताच असते.

एवढं म्हटल्यावर धर्मांतरविरोधी कायद्यांबद्दल बोलणं भाग आहे, कारण वाचक म्हणेल की हीच तर त्या कायद्यांची भाषा. जबरदस्ती, फसवणूक, प्रलोभन यांना बंदी ओडिशानं १९६७ साली घातली, मध्य प्रदेशानं १९६८ साली. सर्वोच्च न्यायालयानं १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात दोन्ही कायदे ग्राह्य ठरवले आणि सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क नव्हे. जबरदस्ती आणि फसवणूक गुन्हा असावी, याला माझा विरोध नाही. पण उत्तर प्रदेशाच्या २०२१च्या कायद्यात प्रलोभनाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षण येतं, चांगल्या राहणीमानाचं आश्वासन येतं, देवाची अवकृपासुद्धा येते. ही व्याख्या सत्ता मोजत नाही, तर माणसाच्या आशेलाच गुन्हा ठरवते. शिवाय धर्म बदलणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला दोन महिने आधी कळवायचं, म्हणजे ज्याच्या बाजूनं कायदा केला असं सांगतात, त्यालाच आधी गावाच्या तोंडी द्यायचं.

महाराष्ट्रानं तरी या बाबतीत नागपूर आठवावं. धर्मांतराची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली तिथूनच निघाला. मिशनांवर त्यात कडक टीका होती आणि तिच्यातला परदेशी पैशाबद्दलचा भाग आम्ही नीट वाचला असता तर बरं झालं असतं. त्याच वर्षी, त्याच शहरात, १४ ऑक्टोबरला बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. येवल्याच्या १९३५च्या घोषणेनंतर एकवीस वर्षं जाहीर चर्चा, भाषणं, लेख, विरोध. परवानगी कुणाला मागितली नव्हती. आणि त्या सोहळ्यात धम्म स्वीकारणाऱ्यांत नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती, म्हणजे खुद्द भवानीशंकर नियोगी होते. ज्यांनी धर्मांतरावर अंकुश सुचवला त्यांनी स्वतः, पूर्ण विचारानं, धर्म बदलला. त्यात मला विसंगती दिसत नाही. दुसऱ्याच्या अगतिकतेवर चालणारं धर्मांतर आणि माणसानं ताठ उभं राहून केलेलं धर्मांतर, यातला फरक त्यांना दिसत असला पाहिजे. तो फरक जिल्हाधिकाऱ्याच्या अर्जातून दिसत नाही.

बरोबरीच्या माणसांशी बोलायचं म्हटल्यावर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचा विचार मनात येतो. वसईची हिरवी जमीन बिल्डरांच्या घशात जाऊ लागली तेव्हा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘हरित वसई’च्या चळवळीत ते उतरले. तिथं ख्रिस्ती होते, हिंदू होते, बागायतदार होते, विहिरीचं पाणी आटताना पाहणाऱ्या बायका होत्या. झगा घालूनच ते मोर्चात चालत. कुणाला ख्रिस्ती करायला ते आले नव्हते, आणि आपण कोण हे लपवायलाही नाही. तरी २०१९ साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा ‘पाद्री कशाला’ म्हणून विरोध झालाच. म्हणजे माझी रेष पाळली की संशय संपेल, असं मी म्हणू शकत नाही. पण त्या विरोधाला उत्तर देणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले मराठी लेखक-वाचक होते, आणि ते चळवळीतल्या, लेखनातल्या, कित्येक वर्षांच्या ओळखीतून आले होते.

रोजच्या जगण्यातले प्रश्न याहून बारके असतात आणि लोक त्यांवरच जास्त भांडतात. गणपतीची वर्गणी द्यावी का? द्यावी. मंडळाचं पोर दारात आलं की त्याला बायबल काढून दाखवणारे काका मला लाजिरवाणे वाटतात. शेजारणीनं आणलेला प्रसाद घ्यावा का? करिंथच्या ख्रिस्ती लोकांनी पौलाला जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता, मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसाबद्दल. त्यानं म्हटलं, कुणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं तर वाढलं ते खा, चौकशा करू नका. मात्र तुमच्या खाण्यानं दुर्बळ मनाच्या भावाची अडचण होत असेल तर विचार करा. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे उत्तर आमच्या बहुतेक पाळकांपेक्षा समंजस आहे. हळदीकुंकवाला जावं, सुतकात जावं, तिसऱ्या दिवशीही जावं. आरतीत हात जोडायचे की नुसतं आदरानं उभं राहायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी उभा राहतो, आणि आजवर एकाही हिंदू शेजाऱ्यानं ‘हात का जोडले नाहीस’ असं मला विचारलेलं नाही. ‘उभा का राहिलास’ असं मात्र मंडळीतल्या माणसांनी विचारलं आहे.

शेवटी जातीकडे यावं लागतं, कारण बाहेरच्यांना आमची श्रद्धा खरी वाटायची असेल तर ते पहिल्यांदा तिथंच बघतात. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. परिणाम आमच्या जिल्ह्यांत घरोघरी दिसतो. रविवारी चर्च आणि दाखल्यावर हिंदू महार किंवा हिंदू मांग. लोक याला दुटप्पीपणा म्हणतात. मी म्हणत नाही. मुलाच्या शिष्यवृत्तीपोटी बाप आपला देव कागदावरून पुसतो, तेव्हा भाकरीच्या बदल्यात श्रद्धा मागणारं इथं सरकार आहे. हा आदेश बदलला पाहिजे. याच प्रश्नाची तपासणी करायला केंद्रानं २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला आणि आमच्या संस्था त्यापुढे निवेदनं घेऊन गेल्या.

पण त्या निवेदनात आम्ही लिहितो की ख्रिस्ती झाल्यावरही जातीची झळ संपत नाही, आणि व्यासपीठावरून सांगतो की ख्रिस्तात जात नाही. दोन्ही एकाच तोंडानं कशी चालतील? नगर भागात कुठल्या मंडळीत महारांचा वरचष्मा आणि कुठल्या मांगांचा, हे तिथल्या कुणालाही सांगता येतं. वसईतही पूर्वीच्या जातींच्या सोयरिकी अजून पुरत्या पुसल्या गेलेल्या नाहीत. शेजारच्या हिंदूला हे सगळं माहीत असतं. तो बोलत नाही एवढंच.

म्हणून पुढच्या वार्षिक सभेत बाहेरच्यांना सुवार्ता कशी पोहोचवायची या विषयाला नेहमीचा तास देण्याऐवजी दोन कागद वाचावेत असं मी सुचवतो. एक, परदेशातून आणि इतरत्र आलेल्या पैशाचा पै-पैचा हिशोब, मराठीत, चर्चच्या फाटकावर लावायला. दुसरा, गेल्या दहा वर्षांत मंडळीत झालेल्या लग्नांची यादी, आणि त्यांतली किती जुन्या जातीबाहेर झाली ते. दोन्ही कागद चर्चमध्ये कधीही पाय न ठेवलेल्या शेजाऱ्यांपैकी ज्याला वाचायचे असतील त्याला वाचू द्यावेत. तोवर निदान दवाखान्याच्या ओसरीवरचा उपदेशक घरी पाठवावा, आणि त्याची खुर्ची केसपेपर लिहून घेणाऱ्या बाईला द्यावी.